आप्पांचा ओव्हन, आईंचं खापर

आमचे सासरे, आप्पा, निवृत्त झाले आणि जगातले सगळे जुने ब्रेड आता आपल्यालाच सांभाळायचे आहेत असा त्यांनी समज करून घेतला. श्रीगणेशा फ्रान्सच्या बगेतने झाला. पारंपरिक म्हणून विकायच्या ब्रेडची कणीक गोठवायची नाही आणि त्यात कसलीही रसायनं घालायची नाहीत, असा हुकूम तिथल्या सरकारने १९९३ मध्ये काढला आहे. तो आप्पांइतक्या कसोशीने खुद्द पॅरिसमध्ये कोणी पाळत नसेल. अडचण एवढीच की बगेत जवळपास दोन फूट आणि आमचा ओव्हन आतून सव्वा फूट. आमच्याकडे बगेत तिरपा निजतो, तरी शेपूट वळतंच.

मग आंबवणाच्या ब्रेडची, म्हणजे सावरडोची पाळी. त्यासाठी बरणीत पीठ-पाणी कालवून पिठातलं रानटी यीस्ट जागं करतात. त्याला रोज ताजं पीठ घालायचं आणि त्याआधी निम्मं फेकायचं. 'फेकायचं' हा शब्द आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, कानावर गेला आणि त्या फेकायच्या आंबवणात जिरं, मिरची, कोथिंबीर पडली. त्या धिरड्यांपुढे ब्रेडची आठवण कोणी काढली नाही. आप्पा तेव्हा ५०० ग्रॅम पिठाला ३५० ग्रॅम पाणी काट्यावर तोलत होते. "पाण्याचं वजन करणारा माणूस माझ्याच नशिबी," असं आई देवघराकडे बघून म्हणाल्या.

पुढचा बेत जर्मनीतल्या वेस्टफालियाच्या पंपरनिकेलचा. राईचा हा काळा ब्रेड मंद आचेवर किमान सोळा तास भाजायचा असा तिथला नियम. आईंनी आधी विजेच्या मीटरकडे आणि मग आप्पांकडे पाहिलं. पंपरनिकेल तिथेच संपला.

मग आर्मेनियाचा लवाश. २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेली ही पातळ रोटी तिथल्या बायका उशीवर ताणतात आणि 'तोनीर' नावाच्या तापल्या भट्टीच्या भिंतीला थापटतात. आप्पांनी दिवाणखान्यातली उशी पळवली.

"अहो, ती उशी ठेवा जागेवर," आई म्हणाल्या आणि कणीक ओढून घेतली. त्यांचं माहेर जळगावकडचं. मांड्यांची सैल कणीक परातीत आपटून तार आणायची, पुरण भरून दोन्ही हातांवर फिरवत वाढवायची आणि पालथ्या खापरावर सोडायची, यात त्यांचं बालपण गेलेलं. खापर नव्हतं, म्हणून उलटी कढई. तिच्यावर उतरलेल्या लवाशातून पलीकडचे आप्पा स्पष्ट दिसत होते. आणि ते काट्याचं बटण बंद करत होते.

माझ्या मते चूक कणकेची नव्हती, निवडीची होती. लवाश, मांडे, इथिओपियाचा टेफचा इंजेरा ही घरातल्या बायकांनी घरात वाढवलेली खाणी. बगेत भट्टीवाल्याचा. त्याच्या कौशल्याला युनेस्कोने २०२२ मध्ये मान दिला खरा, पण फ्रेंच माणूस तो कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतो, घरी वळत बसत नाही. गोयकारसुद्धा पोईसाठी भट्टी पेटवत नाही, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलच्या भोंग्याची वाट पाहतो.

तेव्हा वाचकहो, पुण्यात चांगलं खापर कुठे मिळतं हे ठाऊक असेल तर कळवा. बदल्यात ओव्हन देऊ. आप्पांना विचारायची गरज नाही.