बाईंची मिस होते

साताऱ्यात 14 वर्षं मी 'बाई' होते. लेस्टरच्या एका माध्यमिक शाळेत पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला माझी 'मिस' झाली.

लग्नाला 16 वर्षं झालीत, मुलगा सहावीत आहे. पण इंग्लंडच्या शाळेत शिकवणारी बाई म्हणजे मिस. मुख्याध्यापिका मिस, तीन नातवंडांची आजी असलेल्या ग्रंथपालही मिस. पुरुषांना 'सर', म्हणजे थेट सरदारकीचा किताब. बायकांना 'मिस', म्हणजे अजून स्थळं बघणं चालू आहे. आईला फोनवर हे सांगितलं, तर तिची पहिली शंका : "जावईबापूंना चालतं ना गं?"

एक सोय मात्र झाली. माझ्या आडनावात ळ आहे. शाळेच्या कार्यालयाने त्याचे आजवर चार उच्चार केले, त्यातल्या एकाला मी चुकून ओ दिली आणि तोच कायम झाला. मुलं आडनावाच्या वाटेलाच जात नाहीत. मिस म्हटलं की भागलं.

आईला असंही सांगून बसले की मी दहावीला शिकवते. "बोर्डाचं वर्ष, जपून हो," म्हणाली. आता इथली 'इयर टेन' म्हणजे आपली नववी, आणि बोर्ड म्हणावं अशी परीक्षा अकरावीच्या वर्षी, हे मी तिला अजून समजावलेलं नाही. शेजारणींना दहावीचं सांगून झालंय तिचं.

आले कशी, तर भौतिकशास्त्रामुळे. या देशाला भौतिकशास्त्र शिकवायला माणसं मिळेनात, म्हणून 2023 मध्ये सरकारने परदेशातून येणाऱ्या भौतिकशास्त्राच्या आणि भाषांच्या शिक्षकांना 10,000 पौंड देऊ केले. गंमत म्हणजे याच लेस्टरच्या नगरपालिकेने 1972 मध्ये, इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा, युगांडाच्या वर्तमानपत्रात पैसे मोजून जाहिरात दिली होती : आमच्याकडे येऊ नका. लोक आले. काहींना तर म्हणे त्या जाहिरातीमुळेच या गावाचं नाव कळलं. आज त्याच गावात 'गोल्डन माइल' नावाचा रस्ता आहे, तिथे उंधियो मिळतो आणि दिवाळीला मुंगी शिरायला जागा नसते. म्हणजे येऊ नका म्हणायला पैसे, या म्हणायलाही पैसे. मधल्या 50 वर्षांत जाहिरात खातं तेवढं हुशार झालं.

नेमणुकीचे कागद वाचून मी हरखले होते. इथल्या शिक्षकांच्या सेवाशर्तींत लिहिलेलंच आहे : वर्षाला 195 दिवस, 1265 तास. आपल्याकडे बाईंचे तास मोजायला कोण बसलंय? नंतर पुढचं कलम वाचलं. त्यात म्हटलंय की, शिवाय काम नीट पार पाडायला लागतील तेवढे आणखी तास. घरी वह्या आणल्या की नवरा विचारतो, "हे कोणतं कलम?"

पण एक कबूल करते. जनगणना नाही, मतदारयादी हातात घेऊन उन्हात दारोदार फिरणं नाही. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं लावायला मनाई केली आणि त्याच कलमात जनगणना, निवडणूक, आपत्ती यांना वाट मोकळी ठेवली. इथे निवडणुकीला शाळा लागते, बाई लागत नाही.

खरी गोची शिस्तीत आहे. साताऱ्यात वर्गात 62 मुलं. कुणी खोडरबर भिरकावलं, तर मी फक्त चष्म्यावरून बघायची. वर्ग गार. इथे 29 मुलं. पहिल्याच आठवड्यात खोडरबर उडालं, मी चष्म्यावरून बघितलं, आणि तो मुलगा मनापासून काळजीने म्हणाला, "मिस, आर यू ओके?"

आता पद्धत शिकले. आधी एक ताकीद, मग दुसरी ताकीद, मग संगणकावर नोंद, मग डिटेन्शन, मग घरी फोन. शाळा सुटल्यावर त्याला अर्धा तास बसवायचं. त्याच्यावर लक्ष ठेवायला कोण? मी. खोडरबर त्याने फेकलं, शिक्षा दोघांना. त्या अर्ध्या तासात त्याने मला क्रिकेट सोडून इतर सगळे खेळ समजावले, आणि मी त्याच्याकडून विद्युतरोधाची चार उदाहरणं सोडवून घेतली. तासाला झालं नसतं एवढं शिकवून झालं. याची नोंद करायला संगणकात रकाना नाही.

घरी फोन केला तर पालक विचारतात, "पुरावा काय?" साताऱ्यात विचारायचे, "अजून दोन का नाही दिल्या, बाई?" छडीला आपल्या कायद्यानेही 2010 पासून बंदीच आहे, पालकांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

नोव्हेंबरात पालकभेट झाली. दर पालकाला पाच मिनिटं, घड्याळ लावून. खोडरबरवाल्याची आजी आली. कंपालाहून आलेली, पांढरी साडी, वर जाडजूड कोट. माझं नाव वाचलं, तोंडाकडे बघितलं आणि सरळ "केम छो, बेन?" मी मराठी, म्हटलं. "हां, बाजूमांज छे," म्हणाली आणि गुजरातीत सुरू झाली. पाच मिनिटांतली साडेचार माझ्या तब्येतीवर, नवऱ्याच्या नोकरीवर आणि थंडीत तिळाचं तेल लावावं यावर गेली. उरलेल्या अर्ध्या मिनिटात नातवाचा विषय : "तोफानी छे. ध्यान राखजो." जाताना पिशवीतून फॉइलमध्ये बांधलेले थेपले काढून टेबलावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी ते ताटलीत मांडून शिक्षकांच्या खोलीत ठेवले. दहा मिनिटांत कार्यालयातून एक मिस आली. अतिशय गोड आवाजात म्हणाली की पदार्थ छान दिसतोय, पण शेजारी अॅलर्जीची चिठ्ठी हवी. इथे अशा 14 पदार्थांची सरकारी यादी आहे. थेपल्यात त्यातले तीन निघाले : गहू, तीळ, दही. मेथीला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून मी फोनवर शोधलं, मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहिली, खाली सही केली, तारीख घातली.

चिठ्ठी लावायला गेले तर ताटलीत फॉइल उरलं होतं.