पैनगंगेच्या काठी बोटीचे झेंडे

चॉकलेटच्या वेष्टनातून मिळणारी बोटींच्या संकेत-झेंड्यांची जुनी चित्रं बंदरातल्या पोरांसाठी होती, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. ती पैनगंगेकाठच्या, आज तेलंगणात असलेल्या आमच्या बेल्यासारख्या गावांसाठीच होती. चित्रमाला आणि अल्बम काढून युरोपातल्या पोरांना नादी लावणारे चॉकलेटवाले श्टोल्वेर्क कोलोनचे, म्हणजे समुद्रापासून लांब, नदीकाठचे. विल्स कंपनीने १९११ साली सिगारेटच्या पाकिटांतून संदेशविद्येची ५० चित्रं वाटली, ती काय कप्तानांसाठी? कप्तानाकडे खरे झेंडे असतात. चित्र लागतं ते ज्याच्याकडे झेंडा नाही, बोट नाही आणि पाणीसुद्धा पावसाच्या मर्जीवर, त्याला. समुद्राच्या बाबतीत आमचं नशीबच निराळं. निजामाच्या राज्याला किनारा नव्हता, म्हणून त्याचा डोळा पोर्तुगीजांच्या मार्मागोव्यावर होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आंध्र प्रदेश झाला आणि आम्ही पैनगंगेकाठी बसल्या बसल्या दर्यावर्दी राज्याचे रहिवासी झालो. २ जून २०१४ ला तेलंगणा झालं, समुद्र तिकडेच राहिला. एवढ्या उलथापालथीत बेल्याच्या कापसाला खाऱ्या वाऱ्याची झुळूकही लागली नाही.

कोणी म्हणेल, मग बेल्यात या झेंड्यांचं काम काय? भरपूर आहे. लाल, निळा, पिवळा, काळा, पांढरा या पाचच रंगांत सगळा कारभार, कारण दुरून तेवढेच धड ओळखू येतात. पिवळ्या दोन पट्ट्यांमध्ये निळा आडवा पट्टा म्हणजे ‘डी’: माझ्यापासून लांब राहा, मला वळणं कठीण जातंय. दिवाळीनंतर जिनिंगकडे निघालेल्या, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या कापसाच्या ट्रॅक्टरला याहून नेमका झेंडा दाखवा! अर्धा पिवळा, अर्धा निळा ‘के’ म्हणजे तुमच्याशी बोलायचं आहे. तो कचेरीत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती हवा. साहेबाच्या टेबलावर बहुधा ‘डी’च फडकत असेल, ते सोडा. मुख्य गोष्ट अशी की इथे मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू एकाच बाजारात भाव करतात, आणि या झेंड्यांना भाषा लागत नाही. संकेतपुस्तक १९६५ मध्ये नऊ भाषांसाठी ठरलं. झेंडा एकच, अर्थ ज्याने त्याने आपल्या भाषेत वाचायचा. मोबाइल आहे की, असंही म्हणतील. जहाजांवर रेडिओ आला, उपग्रह आले, तरी ते पुस्तक जवळ बाळगणं आजही सक्तीचं आहे.

उरला शेवटचा आक्षेप: ही सगळी खप वाढवायची युक्ती. आहेच. अल्बम पुरा होईपर्यंत पोरगं हट्ट करणार आणि दात किडणार. पण दात पडतात, पुन्हा येतात. ‘तुम्ही धोक्याकडे चालला आहात’ हे लाल-पांढऱ्या चौकोनांचं ‘यू’ एकदा डोक्यात बसलं की जात नाही. शिवाय आपल्याकडे योगही जुळून आला होता. वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली, आणि त्यांच्याच रावळगावात १९४२ पासून गोळ्या बनू लागल्या. जहाज आणि गोळी एका घरात, आणि आमच्या किराणा दुकानातली बरणी मात्र झेंड्यांवाचून कोरडी! तेव्हा गोळीवाल्यांनो, अजून वेळ गेलेली नाही. सव्वीस अक्षरांचे सव्वीस झेंडे छापा, अल्बम मराठी आणि तेलुगूत काढा, आणि कृपा करून शेवटचा ‘झेड’ मुद्दाम कमी छापू नका.