सरडेमालक

मे महिन्यात बीडचा पारा 42 वर गेला की शहाणी माणसं कूलरपुढं आडवी होतात. आमच्या गल्लीतला सरडेमालक त्याच वेळी खोलीत 40 अंशांचं ऊन तयार करायला दिवा लावत असतो.

"अरे, दारात फुकट ऊन पडलंय की," मी एकदा म्हणालो.

"ते चालत नाही काका. खिडकीच्या काचेतनं यूव्हीबी येत नाही. अन् याला एका कोपऱ्यात ऊन लागतं, दुसऱ्यात सावली."

'याला' म्हणजे बिअर्डेड ड्रॅगनला. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला दाढीवाला सरडा, शेपटीसकट दीड-दोन फूट. चिडला की गळ्याची काटेरी पिशवी फुगवून काळी करतो, तीच दाढी. आता बालाघाटच्या डोंगरात घोरपडी काय कमी आहेत? पण घोरपडीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण. पाळली तर मालकच पिंजऱ्यात. म्हणून हा परदेशी पाहुणा. पोरगा पुण्याला स्पर्धापरीक्षेसाठी गेला होता. अधिकारी होऊन येईल म्हणून गल्ली वाट बघत होती. आला तो काखेत काचेची पेटी घेऊन.

घरी दोन म्हशी आहेत. त्यांच्यापुढं याच्या हातनं पेंडीचं घमेलं कधी गेलेलं नाही. सरड्यासाठी मात्र पहाटे उठून शेवग्याचा पाला तोडतो, वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, म्हशींसाठी लावलेल्या घासातले कोवळे शेंडे खुडतो, डांगर किसतो, सगळं धुऊन बारीक चिरतो. पालक बंद, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही. "वयात आलेल्यानं पाल्यावरच राहावं, किडे आठवड्यातनं दोन-तीनदाच," हे तो इतकं कळवळून सांगतो, की माझ्या डॉक्टरनं साखर सोडायलाही तेवढं कळवळून सांगितलं नव्हतं.

किडे म्हणजे घरी पोसलेले रातकिडे. बाजारातनं गाजरं आली की पहिला वाटा त्यांचा. मग अनारशाला खसखस लावावी तसा एकेक रातकिडा कॅल्शियमच्या पुडीत घोळायचा. तोही सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा असता कामा नये. हिवाळ्यात सरडा आठवडेच्या आठवडे न खाता झोपून राहिला, तेव्हा हा उशाशी बसून. अण्णा म्हणाले, "तू बी दोन वर्सं असाच झोपून हायेस, आम्ही केला का घोर?"

तरी अण्णांचा जीव अडकलाच. एकदा शेतातनं येताना त्यांनी कपाशीवरचे मूठभर नाकतोडे रुमालात बांधून आणले. पोरगा किंचाळलाच, "अण्णा, फवारणी झालीय त्याच्यावर! मरंल की तो!"

अण्णा रुमाल धरून तसेच उभे. फवारणी त्यांनीच केली होती, आठ दिवसांखाली, पाठीला पंप लावून, तोंडाला रुमाल बांधून. मला वाटतं, हाच रुमाल.

कुणीच काही बोलेना. पेटीतल्या सरड्यानं मात्र पुढचा एक पाय उचलून हवेत सावकाश फिरवला.

"बघ, अण्णाला नमस्कार घालतंय," बाजेवरनं आजी म्हणाली. "तुझ्यापरीस बरंय."

"नमस्कार नाही आजी. आपल्यापेक्षा मोठं जनावर दिसलं की भिऊन शरण येतात ते."

"मंग? नमस्कार म्हंजी दुसरं काय आस्तंय?"