दोन विहिणी आणि एक कयाक

लग्नाच्या याद्या करताना मुलाच्या आईचा मान कितीच्या साडीने करायचा, तिला पहिल्या पंक्तीला बसवायचं की दुसऱ्या, ताटाभोवती रांगोळी हवी की महिरप, सगळं कागदावर येतं. शिकागोच्या नदीत रात्रीच्या वेळी एकाच कयाकमध्ये दोन विहिणींनी बसायचं झालं तर पुढे कोण आणि मागे कोण, हे मात्र आमच्या यादीत नव्हतं.

बेत जावयाचा. त्या उन्हाळ्यात आम्हा दोघींची तिकिटं नेमकी एकाच सुमारास निघाली आणि नेपरव्हिलच्या त्या घरात आया दोन, स्वयंपाकघर एक अशी परिस्थिती उद्भवली. (एरवी मी जावयाला ‘अरे’ म्हणते. विहीणबाई समोर असल्या की ‘अहो’ म्हणते. त्यामुळे त्या दिवसांत तो घरात जरा ताठ चालायला लागला होता.) दोघींना घराबाहेर काढण्याच्या उदात्त हेतूने त्याने शहराच्या मध्यातून, दिवे लावलेल्या कयाकमधून, वाटाड्यासह रात्रीची सफर ठरवली. ‘‘आई, काही नसतं. पाणी एकदम संथ असतं,’’ तो म्हणाला. तो दोघींनाही आईच म्हणतो. त्यामुळे विहीणबाईंचं ‘‘अरे, पण’’ आणि माझं ‘‘अहो, पण’’ एकदमच निघालं.

नदीच्या उत्तर शाखेवरच्या धक्क्यावर पोचलो तर आधी सही. आयुष्य बँकेत गेलेलं, त्यामुळे छापील मजकूर वाचल्याशिवाय सही करणं मला जमत नाही. बुडणं, आदळणं, पाण्यातून होणारा संसर्ग अशी कलमांमागून कलमं होती आणि शेवटी मृत्यू ओढवलाच तर वारसांनीही दावा करायचा नाही. माझ्या मागे रांग वाढत गेली. विहीणबाईंनी काही न वाचता सही ठोकली. ‘‘आम्ही कृष्णाकाठची माणसं,’’ त्या म्हणाल्या. 2019 च्या महापुरात सांगलीला त्यांच्या गल्लीत होडी आली आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून त्या तिच्यात उतरल्या. तेव्हापासून जगातल्या यच्चयावत नद्यांवर त्यांचा शब्द अखेरचा. आम्ही डोंबिवलीचे. आमचा पाण्याशी संबंध टँकरपुरता, आणि जुलैत रुळांवर साचेल तेवढा.

आमची वाटाडी म्हणजे पंचविशीतली एक मुलगी होती, दंडावर बगळा गोंदवलेली. तिने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहून विचारलं, ‘‘तुमच्यापैकी वजन कुणाचं जास्त?’’ दोन विहिणींच्या मधोमध उभं राहून हा प्रश्न विचारायला परदेशी निरागसताच हवी. विहीणबाईंना एकाएकी इंग्रजी कळेनासं झालं. ‘‘माझंच,’’ मी म्हटलं. मुलीच्या आईने कमीपणा घ्यायचा असतो, इथे तो किलोने जास्त घ्यायचा होता एवढंच. मग त्या मुलीने सांगितलं की वजनदार व्यक्ती मागे बसते. पुढची वल्ह्याचा ताल धरते, मागची तो पाळते आणि होडीची दिशा सांभाळते. म्हणजे मानाची जागा विहीणबाईंना आणि दिशा माझ्याकडे. खरं तर लग्नातही असंच झालं होतं, फक्त तेव्हा लाइफ जॅकेटं नव्हती.

प्रत्येक कयाकच्या काठाने एलईडीच्या पट्ट्या होत्या. आमची हिरवी, माझ्या मुलीची आणि जावयाची जांभळी. शिवाय मागे, माझ्या पाठीशी, काठीवर एक पांढरा दिवा. सगळ्या होड्या पाण्यात सुटल्या तेव्हा एखाद्या मंगल कार्यालयाची रोषणाई वाऱ्याने तुटून नदीत पडावी तसं दिसायला लागलं. मला समोरचं काहीच दिसत नव्हतं. मी तक्रार केली तेव्हा वाटाडी हसली. हा दिवा तुम्हाला दिसावं म्हणून नाही, तुम्ही दिसावात म्हणून आहे, म्हणाली. तिथल्या जलवाहतुकीच्या नियमाप्रमाणे वल्ह्याच्या होडीला मोठ्या बोटींसारखे लाल-हिरवे दिवे लावायची सक्ती नाही. टक्कर टळेल इतक्या आधी दाखवता येईल असा एक पांढरा दिवा हाताशी असला की पुरे. बाकीची रंगीबेरंगी हौस गिऱ्हाइकांसाठी. हे ऐकताना मला विहीणबाईंची लग्नातली मोरपिशी पैठणी आठवली, पण मी बोलले नाही.

निघालो. त्यांचं वल्हं माझ्या वल्ह्यावर आपटायचं, मग ‘‘सॉरी हं,’’ ‘‘छे छे, माझंच लागलं,’’ असं व्हायचं आणि हे सौजन्य पुरं होईपर्यंत कयाक काठाला लागलेली असायची. मधूनच जावई लांबून ‘‘आई, ठीक ना?’’ असं ओरडायचा. दोघी एकदम मान वळवायचो आणि होडी कलायची. वाटाडीला वाटलं, आम्हाला तोल सांभाळता येत नाही. तिला नात्यांची गुंतागुंत कोण समजावणार?

वाटाडी वल्हवता वल्हवता गोष्टी सांगत होती. 2023 च्या मे महिन्यात याच नदीत कयाकमधून जाणाऱ्या एकाला गंजक्या साखळ्यांच्या ढिगावर ऊन खात पसरलेलं एक अवाढव्य कासव दिसलं. त्याने व्हिडिओ काढला आणि लोकांनी लाडाने कासवाचं नाव ‘चोंकोसॉरस’ ठेवलं. विहीणबाईंनी वल्हं मांडीवर ठेवून काळोखाला नमस्कार केला. किन्झी स्ट्रीटच्या पुलाखाली शिरलो तेव्हा वाटाडीने वर बघायला सांगितलं. पुलाची जमीन लोखंडी जाळीची. डोक्यावरून गाड्या गेल्या की त्यांचं पोट दिसतं. 2004 च्या ऑगस्टमध्ये एका नामांकित बँडच्या बसचालकाने याच जाळीवर बसच्या शौचालयाची टाकी उघडली. त्याच क्षणी खालून शहराचं वास्तुवैभव दाखवणारी, शंभरावर पर्यटकांची, वरून उघडी बोट चालली होती. चालकाने पुढे गुन्हा कबूल केला. ‘‘आणि आपण यांची शिस्त डोक्यावर घेतो,’’ विहीणबाई म्हणाल्या. त्या पुलाखालून आम्ही जेवढ्या वेगाने निघालो तेवढा वेग नंतर बराच वेळ जमला नाही.

पुढे वुल्फ पॉइंट. इथे नदीच्या तिन्ही शाखा एकत्र येतात. आणि इथेच मला या नदीची खरी कथा कळली. तिला उलटं फिरवलेलं आहे. पूर्वी ती मिशिगन सरोवरात जायची. गावाचं सांडपाणी, खाटीकखान्यांची घाण, सगळं सोबत घेऊन. आणि गाव पाणी प्यायचं ते त्याच सरोवराचं. मग माणसांनी 45 किलोमीटरचा कालवा खणला आणि 1900 साली नदीचं तोंड फिरवलं. घाण सरोवराऐवजी दक्षिणेकडे, मिसिसिपीच्या वाटेने सेंट लुईसच्या लोकांकडे जायला लागली. ते कोर्टात जाणार याची कुणकुण असल्याने कालवा 2 जानेवारीला, फारसा गाजावाजा न करता, घाईघाईत उघडला. मिसूरी राज्याने थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि 1906 साली शिकागोची बाजू जिंकली. तुमची गावंही नदीत घाण सोडतातच की, हाही एक मुद्दा होता. आमच्या सोसायटीतल्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीचा वाद याच युक्तिवादावर अकरा वर्षं अडलेला आहे. सेक्रेटरींना हा निकाल वाचायला द्यायला हवा.

या नदीला मार्चमध्ये सेंट पॅट्रिकच्या सणाला हिरवा रंग देतात. ती प्रथा 1962 साली प्लंबरांच्या संघटनेने पाडली. कोण चोरून नदीत सांडपाणी सोडतं हे शोधायला ते नळांत रंग टाकत असत. त्यातून कुणाला तरी वाटलं, सगळीच रंगवू या. पहिल्या वर्षी अंदाज नसल्याने इतका रंग ओतला की नदी आठवडाभर हिरवी राहिली. आता वापरतात ती पूड नारिंगी असते आणि पाण्यात पडली की हिरवी होते. केशरी टाकल्यावर हिरवं होतं, ही माहिती मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून टाकलेली नाही.

मुख्य शाखेत वळलो आणि शहर अंगावर आलं. डाव्या हाताला मर्चंडाइज मार्ट. 1930 ची इमारत, इतकी मोठी की 2008 पर्यंत तिचा स्वतःचा पिनकोड होता. 2018 पासून तिच्या नदीकडच्या भिंतीवर प्रोजेक्टरांनी हलती चित्रं पाडतात. आम्ही पोचलो तेव्हा भिंतीवर प्रचंड फुलं उमलत होती, मिटत होती. विहीणबाई वल्हवायचं विसरल्या. मीही त्यांना आठवण करून दिली नाही. नियम उजव्या काठाने जायचा, त्यामुळे आम्ही दक्षिणेच्या काठाला चिकटून होतो आणि तिथे पायऱ्यांवर वाइन पीत बसलेले लोक आम्हाला हात करत होते. कुणी आपल्याला इतक्या आनंदाने हात करावा असं डोंबिवली स्टेशन सोडल्यापासून माझ्या बाबतीत घडलेलं नाही, आणि तिथेही तो रिक्षावाल्याचा असतो.

जरा पुढे वाटाडीचा आवाज उतरला. क्लार्क आणि लासाल या रस्त्यांच्या मध्ये, याच काठाला, 24 जुलै 1915 रोजी ‘ईस्टलँड’ नावाची बोट उभ्या उभ्या आडवी झाली. एका कारखान्याचे कामगार बायकामुलांसह सहलीला निघाले होते. बोट अजून धक्क्याला बांधलेलीच होती. 844 माणसं गेली. टायटॅनिकनंतर आलेल्या कायद्यामुळे तिच्यावर जीवरक्षक होड्या वाढवल्या होत्या आणि आधीच डळमळीत असलेली बोट त्या वजनाने वर जड झाली होती. कुणी काही बोललं नाही. मी लाइफ जॅकेटचा पट्टा उगाचच ओढून पाहिला.

मिशिगन अॅव्हेन्यूच्या पुलाशी पांढऱ्याशुभ्र रिग्ली बिल्डिंगसमोर सगळे फिरलो आणि उत्तरेच्या काठाने परत निघालो. वाटेत मरीना सिटीचे दोन गोल मनोरे लागतात. शिकागोवाले त्यांना मक्याची कणसं म्हणतात. 65 मजले, त्यातले खालचे 19 गाड्यांसाठी. गाड्यांच्या पाठी काठाबाहेर डोकावतात. ‘‘हँडब्रेक विसरला एखादा तर?’’ विहीणबाईंनी विचारलं. वाटाडीने सांगितलं, ‘द हंटर’ या 1980 च्या सिनेमासाठी तिथून खरोखरच एक गाडी नदीत टाकली होती. त्यानंतर विहीणबाई त्या मनोऱ्यांखालून वर बघतच वल्हवत राहिल्या आणि मी दिशा सांभाळत राहिले.

आणि मग ते आवाज ऐकू आले.

रात्री पाण्यालगतची हवा गार असते, वरची उबदार. त्यामुळे आवाज वर निघून जायच्याऐवजी खाली वाकतो आणि पाण्यावरून लांबवर जातो. जांभळी कयाक आमच्या बरीच पुढे होती आणि तिच्यातून शुद्ध मराठी येत होतं. परदेशात मराठीत भांडलं की आसपासच्या कुणाला कळत नाही, ही या पिढीची श्रद्धा आहे.

‘‘तुझी आई धुतलेली भांडी डिशवॉशरमध्ये लावून ठेवते.’’

‘‘आणि तुझी आई ती बाहेर काढून पुन्हा घासते!’’

विहीणबाईंचं वल्हं हवेतच थांबलं. माझंही. सकाळी मी लावलेली भांडी दुपारी ओट्यावर पालथी कशी सापडतात, हे कोडं मला बरेच दिवस पडलं होतं. त्यांनाही उलट बाजूने तेच पडलं असणार.

‘‘दोघींना एकदम बोलवायची आयडिया कुणाची?’’ मुलीचा आवाज.

उत्तर नीट ऐकू आलं नाही. पाणीटॅक्सी गेली. लाट आली, आम्ही होडीचं नाक तिच्यासमोर केलं, न ठरवता, दोघींनी एकदम. मग विहीणबाईंनी किंचित मान वळवली.

‘‘जरा जवळ घेता का?’’

मी घेतली. त्यांनी वल्हं उजवीकडे बुडवलं, मी उजवीकडे, त्यांनी डावीकडे, मी डावीकडे. कुठे आपटणं नाही, सॉरी नाही. कयाक अशी सुटली की शेजारून जाताना वाटाडीने ‘‘सुंदर, लेडीज! असंच!’’ म्हणून दाद दिली. विहीणबाईंनी तिला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. अडचण एकच होती. काठाने हिरवी पट्टी, मागे काठीवर पांढरा दिवा, अशा अवस्थेत आम्ही दबकत चाललो होतो.

‘‘तो मागचा दिवा जरा शांत करता येतो का हो?’’

‘‘सही केलीय आपण,’’ मी म्हटलं. ‘‘आणि वळले तर उलटू.’’

‘‘बरं. मग हळू.’’

चार हातांवर पोचलो तेव्हा जावई म्हणत होता, ‘‘माझ्या आईचं सोड, पण तुझ्या आईला मी कसं सांगू...’’ आणि त्याच्या पाठीवर हिरवा उजेड पडला. तो थांबला. मुलगीही थांबली. दोघांनी हळूहळू माना वळवल्या.

कुणी काही विचारायच्या आत विहीणबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘‘आम्ही काही ऐकलं नाही हं!’’