ओळख : चिपळूण तालुक्यापुरती

व्यावसायिक संपर्कमेळावा, म्हणजे ज्याला आता सगळे ‘नेटवर्किंग मीट’ म्हणतात तो, अनोळखी माणसांना एकमेकांचे गिऱ्हाईक करण्याचा संघटित प्रयत्न असतो. मोठ्या शहरात तो बऱ्यापैकी चालतो, कारण तिथे अनोळखी माणसे मुबलक मिळतात. चिपळुणात नेमका हाच कच्चा माल दुर्मीळ आहे. सभागृहात जमलेल्यांपैकी निम्मे एकमेकांना शाळेपासून ओळखतात आणि उरलेल्यांच्या घरांत मुली दिल्या-घेतल्या गेलेल्या असतात. जे दोघे-तिघे खरोखरच अनोळखी निघतात, ते लोटे-परशुरामच्या एखाद्या केमिकल कारखान्यात नुकतेच बदलून आलेले असतात आणि त्यांना इथे काहीच विकायचे नसते.

या प्रथेचा उगम शिकागोचा. 1905 मध्ये पॉल हॅरिस या वकिलाने तिघा ओळखीच्यांना घेऊन रोटरी क्लब सुरू केला. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत भरे आणि एका व्यवसायाचा एकच सभासद घेतला जाई. 1985 मध्ये आयव्हन मिस्नर यांनी अमेरिकेतच बीएनआय ही व्यावसायिक संपर्काची संघटना स्थापन केली. तिने एका धंद्याला एकच खुर्ची हा नियम ठेवला आणि त्यात भल्या पहाटेची साप्ताहिक बैठक व कुणी कुणाला किती कामे मिळवून दिली याचा हिशेब यांची भर घातली. मराठी माणूस धंद्यात एकमेकांना धरून राहत नाही ही तक्रार पिढीजात असल्यामुळे त्यावरही इलाज निघाला. रेल्वेत अभियंता म्हणून कारकीर्द केलेल्या माधवराव भिडे यांनी 2000 साली मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब काढला.

एका व्यवसायाचा एकच सभासद, हा नियम कोकणात फेब्रुवारीपर्यंत ठीक चालतो. एप्रिल उजाडला की वकील, दंतवैद्य, सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर आणि निवृत्त मुख्याध्यापक हे सगळे आंबेवाले होतात. त्या दोन महिन्यांत सभागृहात एकच व्यवसाय उरतो आणि सगळे सभासद एकमेकांना एकच गोष्ट विकू पाहतात, तीही ‘घरची’ म्हणून. यावर नियमावलीत तोडगा नाही.

मेळाव्याचा पहिला टप्पा आत्मपरिचयाचा. प्रत्येकाला साधारण एक मिनिट मिळते आणि त्यात नाव, व्यवसाय व अपेक्षा सांगायची असते. बोलणारा पाठ केलेले मिनिट म्हणून खाली बसतो आणि तेव्हा खरी चौकशी सुरू होते.

“गाव कुठलं तुमचं?”

“अडरे.”

“अडऱ्यात कुठली वाडी?”

वाडीनंतर घर येते, घरानंतर आजोबा येतात आणि आजोबांच्या मागोमाग आजोबांनी कुणाच्या बांधावरून कुणाशी काय केले तेही येते. बाहेरगावच्या पाहुण्याला या गप्पा वाटतात. प्रत्यक्षात ती पतपासणी असते. बँकेला तीन वर्षांची विवरणपत्रे चाळून जे कळते, ते इथे चार प्रश्नांत कळते आणि शिवाय जामीनदार कोण राहील हेही समजते. तिची एकच उणीव सांगायला हवी. आजोबांचे कर्ज आजोबांनी फेडले असले तरी नातवाच्या नावावरून ते पुसले जायला आणखी एक पिढी जावी लागते.

दुसरा टप्पा कार्डांचा. चिपळुणी कार्डावर सहसा एक व्यवसाय मावत नाही. वरच्या कोपऱ्यात गणपती, खाली ‘आरसीसी कन्सल्टंट’, त्याखाली ‘जमीन खरेदी-विक्री’ आणि मागच्या बाजूला ‘काजूगर होलसेल भावात मिळतील’ असा ऐवज एकाच माणसाचा असू शकतो. हे हास्यास्पद वाटले तरी खोटे नसते. एका धंद्यावर बारा महिने निघत नाहीत, एवढेच ते कार्ड सांगते. ज्याला फक्त काजूगर हवे असतात तोही ते जपून ठेवतो. कार्ड वाटणाऱ्यांत एक जात अशी असते की ती सभागृहाला प्रदक्षिणा घालून प्रत्येकाच्या हातात कार्ड देते आणि समोरच्याचे नाव ऐकायच्या आत पुढे सरकते. या जातीला घरी गेल्यावर आपण कुणाकुणाला भेटलो ते आठवत नाही. ज्यांना ती भेटली त्यांना मात्र ती चांगली आठवते.

तिसरा टप्पा खाण्याचा आणि तोच महत्त्वाचा. एका हातात पोह्यांची बशी आणि दुसऱ्या हातात कोकम सरबत असले की माणसाला कार्ड काढता येत नाही, त्यामुळे त्याला नाइलाजाने बोलावे लागते. खेर्डीच्या एमआयडीसीत वर्कशॉप चालवणारा आणि वाशिष्ठीत मगरी दाखवायला पर्यटक नेणारा एरवी एकमेकांच्या काही कामाचे नसतात. बशी हातात असताना एकाच्या बोटीच्या इंजिनाची कुरकुर निघते आणि दुसऱ्याला तो आवाज ओळखीचा वाटतो. मग इंजिन बघायला कधी येऊ, एवढाच प्रश्न उरतो.

दूरच्या ओळखीचे मोल अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये एका निबंधात मांडले. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारले, की ज्याच्यामुळे ही नोकरी कळली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणारे सुमारे 17 टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे जवळपास 56 टक्के आणि क्वचित भेटणारे 28 टक्के. जवळच्या माणसाला बहुधा तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातला माणूस आणतो. चिपळुणात या माणसाला मावसभावाचा साडू म्हणतात. तो कराडला किंवा कळंबोलीला असतो, लग्नाच्या पंगतीत दोन-तीन वर्षांतून एकदा भेटतो आणि जेवता जेवता ज्या टेंडरचे बोलतो ते तालुक्यात अजून कुणी ऐकलेले नसते. ग्रॅनोव्हेटर यांना हे सिद्ध करायला सर्वेक्षण करावे लागले, कारण न्यूटनला बहुधा पंगती बसत नसाव्यात.

मेळावा संपल्यावर संबंध टिकवणे हा विषयाचा अवघड भाग आहे आणि त्याचा मोठा दाखला चिपळूणजवळच सापडतो. घाट चढून गेले की परशुराम हे क्षेत्र लागते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे ब्रह्मेंद्रस्वामी हे साधू राहत. त्यांचा संबंध शाहू महाराजांशी होता, पेशव्यांशी होता, आंग्र्यांशी होता आणि या सगळ्यांशी भांडणाऱ्या जंजिऱ्याच्या सिद्दींशीही होता. बाळाजी विश्वनाथ चिपळूणकडे मिठाच्या कामावर होते तेव्हापासूनची ही ओळख, असे सांगतात. होतकरू माणूस कारकून असतानाच ओळखून ठेवावा, तो 1713 मध्ये पेशवा झाल्यावर सगळेच ओळख सांगत येतात, एवढी दृष्टी स्वामींना होती. पुढे त्यांनी बाजीरावाला कर्जेही दिली. सावकारांच्या पाया पडून कपाळाची सालटी निघाली, अशा अर्थाचे बाजीरावाचे गाऱ्हाणे स्वामींनाच लिहिलेल्या पत्रात आहे. ज्याच्याकडे कर्जदार कर्जाचेच दुःख मोकळेपणाने सांगतो, त्या सावकाराचा संपर्क पक्का समजावा.

याच चरित्रात मध्यस्थीचा धोकाही आहे. सावनूरहून सिद्दीसाठी एक हत्ती निघाला होता आणि तो आणण्याची जबाबदारी स्वामींकडे होती. आंग्र्यांच्या माणसांनी तो वाटेत धरला. अंजनवेलच्या सिद्दी सात याला संशय आला, की स्वामींनीच तो अडकवला, आणि 1727 मध्ये त्याने परशुरामावर चालून जाऊन देवस्थान लुटले. स्वामींनी पुढे साताऱ्याजवळ धावडशीला बस्तान हलवले. आजच्या परिभाषेत याला फसलेला रेफरल म्हणता येईल. दुसऱ्याचा हत्ती पोचवून देतो म्हणताना तो कुणाच्या हद्दीतून जाणार हे आधी पाहावे, इतका व्यवहार त्यातून घेण्यासारखा आहे. सिमेंटच्या गाडीलाही तो लागू पडतो.

संबंध खरा की नुसता नोंदवहीतला, हे तपासायची सोय चिपळूणला निसर्गाने करून दिली आहे, कुणी मागितली नसताना. 26 जुलै 2005 ला आणि पुन्हा 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. दुसऱ्या वेळी वीज आणि फोन दोन्ही गेले, त्यामुळे मोबाइलमधले सारे ‘कॉन्टॅक्ट्स’ एकदम निकामी झाले. पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर चिखल उरला. तेव्हा फावडे घेऊन कोण आले, पंप कुणी पाठवला आणि मागची बाकी न विचारता नवा माल कोणत्या घाऊक व्यापाऱ्याने भरला, ही यादी ज्याच्या त्याच्या डोक्यात आहे आणि ती कोणत्याही क्लबाच्या यादीशी जुळत नाही. संस्थांनाही हेच लागू आहे. 1864 मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तके 2005 च्या पुरात गेली. आठ वर्षांच्या आतच, जानेवारी 2013 मध्ये, त्याच ग्रंथालयाने 86 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन गावात भरवून दाखवले. तेवढा मांडव, तेवढ्या पंगती आणि तेवढे रुसवे सांभाळायला दीड शतकाच्या ओळखी खर्ची पडल्या असणार.

राहता राहिला मेळाव्याच्या तारखेचा प्रश्न. मे महिन्यात मुंबईकर गावी असतात, पण यजमान आंब्यात असतो. जून-जुलैत लोकांचे डोळे नदीच्या पातळीवर असतात. भाद्रपदात गणपती, त्यानंतर भातकापणी आणि त्यानंतर लग्ने. शिमग्यात तर तारीख घेऊच नये. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि माईकवाला असे तिघेही आपापल्या गावी पालखी नाचवायला गेलेले असतात. मोकळा असा जानेवारीचा दुसरा पंधरवडा उरतो. तेव्हा सगळ्याच संस्थांचे मेळावे असतात आणि त्या सगळ्यांना तीच माणसे येतात.