निरुपद्रवी गोळीची कैफियत

ज्या समाजात वैद्याच्या सल्ल्याहून शेजारणीच्या अनुभवाला आणि औषधविक्रेत्याच्या कात्रीला अधिक मान आहे, त्या समाजात ई जीवनसत्त्वाच्या हिरव्या, पारदर्शक, डोळ्यांना गारवा देणाऱ्या कॅप्सूलने जी प्रतिष्ठा संपादन केली आहे, तिचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. केस गळोत, रात्री पोटरीत गोळे येवोत, गालावर वांग उठो, किंवा यांपैकी काहीही न होता केवळ वय पन्नाशीकडे झुको, या सर्व खात्यांचा कारभार तिच्या एकटीकडे सोपविलेला असतो. दुकानात चिठ्ठी कोणी मागत नाही. "ती हिरवी गोळी द्या" एवढे म्हटले, की दुकानदार पट्टीतल्या पाच गोळ्या अशा कौशल्याने कातरून देतो, की मुदतीची तारीख आणि बारीक अक्षरांतील मजकूर नेमका त्याच्याकडच्या तुकड्यावर राहावा आणि गिऱ्हाइकाच्या पदरी निर्भेळ श्रद्धा तेवढी पडावी.

तिच्या बाजूने दाखल होणारा पुरावा सर्वत्र एकच असतो: "घ्या हो, गुण नाही आला तरी अपाय तर नाही!"

या जीवनसत्त्वाचा शोध १९२२ साली बर्कले येथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी लावला, तो गर्भ न टिकणाऱ्या उंदरांच्या माद्यांवरून. त्या माद्या सुरकुत्यांनी चिंतित होत्या असे कोणी म्हटलेले नाही. प्रौढ माणसाला त्याची गरज दिवसाला सुमारे १५ मिलिग्रॅम, आणि तीही शेंगदाण्याचे कूट, करडईच्या तेलाची फोडणी, पालकाची भाजी असल्या गावंढळ मार्गांनी बहुतांशी भागते. परंतु कुटाला चकचकीत वेष्टन नाही; म्हणून त्या गरजेच्या दहापटींहून अधिक ऐवज एका गोळीत भरून तो रोज रात्री दुधाबरोबर घेण्याचा प्रघात पडला. क जीवनसत्त्वाचा फाजील साठा लघवीवाटे मुकाट्याने निघून जातो. ई मात्र चरबीत विरघळणारे, म्हणून एकदा आत शिरले, की वहिवाटीचा हक्क सांगत चरबीत ठाण मांडून बसते.

असे सारे सुरळीत चालले असता परदेशी संशोधकांना मोजदाद करण्याची दुर्बुद्धी सुचली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निकाल लागला, तेव्हा ई घेणाऱ्यांच्या फुप्फुसाचा कर्करोग काही हटला नव्हता, मेंदूतील रक्तस्रावाचे मृत्यू मात्र अधिक भरले. अमेरिकेत तर प्रोस्टेटचा कर्करोग टळावा एवढ्यासाठी पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत अनेकांना रोज ४०० युनिटांची मात्रा देण्यात आली. २००८ साली गोळ्या थांबवाव्या लागल्या, आणि २०११ च्या हिशेबात नुसती ई घेणाऱ्यांत तोच कर्करोग १७ टक्के अधिक निघाला. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा याहून रीतसर पंचनामा मिळणे कठीण! आमच्याकडे त्यावर "ते अमेरिकेतले, त्यांचे खाणेच निराळे" असा शेरा मारून प्रकरण दप्तरी दाखल झाले.

पोटात घेण्याचे भय वाटते, ते सावध लोक गोळी टाचणीने भोसकून तिच्यातील घट्ट, सोनेरी तेल तोंडाला फासतात; ते बोटांवरून मनगटापर्यंत ओघळते, आणि सकाळी उशीच्या अभ्र्याची कांती उजळलेली दिसते. १९९९ साली शस्त्रक्रियेच्या व्रणांवर हे तेल लावून पाहिले, तेव्हा व्रण सुधारले नाहीतच, शिवाय तिघांतील एकाच्या त्वचेवर पुरळ उठले.

परंतु या गोळीचे खरे सामर्थ्य तिच्या अंगच्या गुणांत नसून तिच्या अवगुणांना नेहमी दुसरा आरोपी सापडतो, यात आहे. मळमळले, तर दोष कालच्या मिसळीचा; जुलाब झाले, तर नगरपालिकेच्या पाण्याचा; डोके दुखले, तर सुनेचा; अंधुक दिसू लागले, तर चष्मेवाल्याचा; आणि थकवा आला, तर तो मात्र गोळीच्या अपुऱ्या मात्रेचा. (डॉक्टरांनी कारण पाहून, मुदत ठरवून जिला नेमले असेल, त्या गोळीची गोष्ट निराळी, पण ती सहसा एवढी लोकप्रिय नसते.)

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणारे एखादे नाना दाढ काढायला जातात. "आणखी कोणती औषधे चालू आहेत?" या प्रश्नाला ते वॉरफरिनचे नाव इमानाने सांगतात, हिरवी गोळी मुळी औषधच नव्हे, तेव्हा तिचा उल्लेख करणे त्यांना वावगे वाटते. मोठ्या मात्रेत हे जीवनसत्त्व रक्त गोठविणाऱ्या के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते आणि वॉरफरिनचा जोर वाढविते, हे बिचाऱ्या दाढेला काय ठाऊक! कापसाचे बोळे बदलता बदलता रात्र होते, दंतवैद्याचा हात जड असल्याचे घरात एकमताने ठरते, आणि एवढे रक्त गेल्याने नानांना आलेल्या अशक्तपणावर उपाय म्हणून, अपाय तर काही नाही, या भरवशावर, शेजारच्या वहिनी आणखी पाच गोळ्या कातरून आणतात.