बॅकअपला वाटाण्याच्या अक्षता

दसऱ्याला घरात नवा लॅपटॉप आला. पाटावर ठेवला, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचं फूल वाहिलं. हळदीची चिमूट यूएसबीच्या भोकात गेली, ती भाच्याने टूथपिकने कोरून काढली. लॅपटॉपच्या सुरक्षेसाठी आमच्या घराने मनापासून केलेली ही पहिली आणि शेवटची गोष्ट.

शेवटची म्हणणं जरा अन्यायाचं होईल. स्क्रीनच्या कडेचं प्लॅस्टिक आम्ही अजून काढलेलं नाही. कीबोर्डवर रबरी आवरण आहे, तीन कप्प्यांची बॅग आहे. बाहेरून ओरखडा येईल तर शपथ! जुन्या कॉम्प्युटरवरून उचलून आणलेला आतला ऐवज, म्हणजे लग्नाचे स्कॅन केलेले फोटो, सोसायटीचे हिशेब, बाबांच्या आवाजातलं एक रेकॉर्डिंग, हे सगळं मात्र देवाच्या भरवशावर.

दुकानदाराने वर्षाचा अँटिव्हायरस गळ्यात मारला. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा पहारेकरी आधीपासून बसलेला असतो, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. फुकटच्या पहारेकऱ्यावर कोण विश्वास ठेवतो? अपडेटची चौकट आली की मात्र माझं बोट आपोआप 'नंतर'वर जातं. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर ओलीस धरले, तेव्हा तो ज्या भोकातून शिरला त्याचं ठिगळ मार्चमध्येच येऊन पडलं होतं. माझ्यासारखी बोटं बरीच असावीत.

लॅपटॉप सुरू करून द्यायचं काम भाच्याकडे होतं. खातं कोणाचं, असं लॅपटॉपने विचारलं. भाच्याने स्वतःचा ईमेल ठोकून दिला. "मामा, नंतर बदलू." दिवाळी झाली, भाचा बेंगळुरूला नोकरीवर गेला. नोव्हेंबरात एकदा माझ्या हातून चुकून 'आत्ता' दाबलं गेलं, बायोसचं कसलंसं अपडेट बसलं आणि निळ्या पडद्यावर हुकूम आला : 48 अंकी रिकव्हरी की टाका.

गोष्ट अशी, की विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरलं, की बऱ्याच लॅपटॉपवर आतली डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चोराने लॅपटॉप पळवला तरी फोटो त्याच्या हाती लागू नयेत, म्हणून. सोय उत्तम. किल्ली त्या खात्यात जमा होते. खातं भाच्याचं. म्हणजे आमच्या तिजोरीची किल्ली बेंगळुरूच्या एका पीजीत, आणि भाचा मीटिंगमध्ये.

"बॅकअप आहे ना?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

आहे की! एक टीबीची डिस्क मी हौसेने घेतली होती. ती कुठे असते? लॅपटॉपच्याच बॅगेत, बाजूच्या कप्प्यात. लोकलच्या रॅकवर बॅग राहिली, तर दोघं जोडीने जाणार. ती शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. आत सात आयकॉन, प्रत्येकाच्या कोपऱ्यात इवलासा बाण. मी फायली नाही, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट कॉपी केले होते. घर हलवताना सामान तिथेच ठेवून दारावरच्या पाट्या तेवढ्या आणल्या म्हणा ना.

मोठ्यांचंही असंच होतं, हा एक आधार. 1998 मध्ये पिक्सारमध्ये एका चुकीच्या कमांडने 'टॉय स्टोरी 2' भराभर पुसला जाऊ लागला. बॅकअप होता, पण तो चालतच नव्हता आणि कोणी उघडून पाहिलं नव्हतं. वाचवलं तिथल्याच गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरने. बाळ लहान म्हणून त्या घरून काम करत, त्यामुळे तिथे एक प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणला. (पुढे गोष्टच पसंत पडेना म्हणून सिनेमा बराचसा नव्याने केला, ते वेगळं.)

छायाचित्रकार पीटर क्रोग यांचा हिशेब सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आमच्याकडे आधी 'बॅगेबाहेर' जमायला हवं. "क्लाउडवर जातंय की आपोआप," असं मेव्हणे म्हणतात. जातं, फुकटात मावेल तेवढं. इथे पुसलं की तिथेही इमानाने पुसलं जातं. कचरापेटीत काही दिवस पडून राहील तेवढंच. ही प्रत नव्हे, आरसा.

दुपारी भाच्याचा फोन आला. सहा-सहा अंकांचे आठ गट त्याने वाचून दाखवले, बायकोने ते कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून घेतले. लॅपटॉप उघडला. बाबांचा आवाज ऐकला. "मामा, ही की जपून ठेवा, पुन्हा लागू शकते. आणि खातं बदलून घेऊ." म्हटलं, नंतर.

जानेवारीत भिंतीवर नवं कालनिर्णय लागलं. परवा स्वयंपाकघरात, मांडणीवर डब्यांखाली नोव्हेंबर महिना अंथरलेला दिसला. पहिले पाच गट स्वच्छ वाचता येतात. पुढच्या तिनांवर गोडेतेलाचा डबा आहे.